विजेकडून लाकडाकडे

१९७१ साली जॉन मॅक्‌लॉफ्लिन यांनी स्थापलेल्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने विजेच्या गिटारीवर प्रोग्रेसिव्ह रॉकच्या शेजारघरचे, विषम मात्रांचे, कानठळ्या बसविणारे संगीत उभे केले. हेच मॅक्‌लॉफ्लिन १९७५ साली 'शक्ती'च्या मैफलीत लाकडी गिटार घेऊन मांडी घालून बसले. सोबत मुंबईचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम. यास माघार म्हणावे काय? विलेपार्ल्याच्या बैठकींत कान घडलेल्या आम्हांस तसे वाटत नाही. गोंगाटात चूक झाकते. तबला-घटमसमोर लयीचा हिशेब उघडा राहतो. डिसेंबर २००० मध्ये 'रिमेंबर शक्ती' मुंबईत वाजली, तेव्हा त्यांच्या हाती पुन्हा विजेची गिटार होती. पण तिची बोली आता बैठकीची होती.