'लोगो' : शब्दाकडून कासवाकडे

लहान मुलांना संगणकाची आज्ञावली रचावयास शिकविण्याच्या उपक्रमाचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा कासवापासून केला जातो. आज्ञेनुसार पुढे सरकणारे, वळणारे आणि मागे रेघ उमटविणारे ते कासव 'लोगो' ह्या संगणकभाषेचे चिन्हच होऊन बसले आहे. परंतु १९६७ साली ही भाषा अस्तित्वात आली तेव्हा तिच्यात कासव नव्हते. शब्द होते आणि वाक्ये होती. हा केवळ कालानुक्रमाचा तपशील नव्हे. मुलाने यंत्राला शिकवावे आणि शिकविता शिकविता आपल्याच ज्ञानातील नियम ओळखावा, हे ह्या अध्यापनाचे मर्म होय. ते मर्म कोठे टिकले व कोठे लोपले, हे आरंभ ध्यानात घेतल्यावाचून उमगत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' ह्या संशोधनसंस्थेत वॉली फॉयर्झाइग, सेमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ह्यांनी 'लोगो'ची रचना केली. पॅपर्ट हे जन्माने दक्षिण आफ्रिकेचे गणितज्ञ. १९५८ ते १९६३ ह्या काळात त्यांनी जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे ह्यांच्यासमवेत काम केले होते. मूल आपले ज्ञान स्वतः घडविते, हा पियाजे ह्यांचा विचार त्यांनी तेथून आणला. भाषेचे नाव फॉयर्झाइग ह्यांनी सुचविले. 'शब्द' ह्या अर्थाच्या ग्रीक पदापासून ते घेतलेले आहे. पहिली चाचणी १९६७ च्या उन्हाळ्यात हॅन्सकम फील्ड शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांसमवेत झाली. पुढे १९६८-६९ ह्या शालेय वर्षात लेक्सिंग्टन येथील मझी शाळेत सातवीच्या वर्गाला स्वतः पॅपर्ट आणि सॉलोमन ह्यांनी शिकविले. त्या काळी मुलांपुढे चित्रपट्ट नव्हता. दूरस्थ संगणकाला जोडलेले टेलिटाइप यंत्र तेवढे होते. त्यामुळे यंत्राशी होणारा सारा व्यवहार अक्षरांचाच असे.

मुलांपुढे ठेवलेल्या कृत्यांपैकी एक होते गुप्तभाषेचे. इंग्रजी भाषक मुलांच्या एका खेळात शब्दाचा आद्य व्यंजनध्वनी शेवटी नेऊन त्यास 'ए' जोडतात. 'बुक'चे 'उकबे' होते. आपल्याकडील 'च'ची भाषा ह्याच जातीची. तिच्यात 'मला' ह्याचे 'चलाम' होते. 'लोगो'त शब्दाचे पहिले अक्षर वेगळे काढणारी, उरलेला भाग देणारी आणि दोन तुकडे जोडणारी अशा आज्ञा होत्या. तेव्हा 'बुक'पुरते काम सहज साधते. परंतु 'ट्रेन' हा शब्द दिला की केवळ पहिलेच अक्षर हलविणारी आज्ञावली 'रेनटे' असे काहीतरी उत्तर देते. खेळात मात्र मूल 'एनट्रे' असेच म्हणते. जोडव्यंजन एकत्र उचलावयाचे असते, स्वर आला की थांबावयाचे असते, हा नियम मूल रोज पाळीत असते; पण तो आपणांस ठाऊक आहे, हे त्यास ठाऊक नसते. यंत्राचे चुकीचे उत्तर तो नियम उघड्यावर आणते.

ह्याहून बोलके उदाहरण पॅपर्ट ह्यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' ह्या ग्रंथात दिले आहे. तेरा वर्षांची एक विद्यार्थिनी यंत्राकडून यादृच्छिक वाक्ये रचून घेत होती. शब्दांची एकच यादी दिली की वाक्ये निरर्थक होत. इंग्रजीसारखे काही उमटावयाचे तर नामांची यादी निराळी, क्रियापदांची निराळी करणे तिला भाग पडले; आणि व्याकरणातील हे वर्ग कशासाठी आहेत, हे तिला तेथे प्रथम कळले. शाळेत तिने त्यांच्या व्याख्या शिकल्या होत्या. त्यांची गरज तिला कधी पडली नव्हती.

कासव आले ते ह्यानंतर, १९६९-७० च्या सुमारास. जमिनीवर फिरणारे यंत्र हे त्याचे पहिले रूप. पडद्यावरील कासव मागाहून आले. येथेही अध्यापनाचे तत्त्व तेच राहिले. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून कासवाला ६० अंश वळावयास सांगणारे मूल त्रिकोणाऐवजी षट्कोनाच्या वाटेस लागते. मग ते स्वतः त्या वाटेने चालून पाहते आणि वळण बाह्य कोनाइतके, म्हणजे १२० अंशांचे हवे, हे त्यास उमगते. आधी जिभेला ठाऊक असलेला नियम बोलका झाला होता; आता पायांना ठाऊक असलेला झाला. मात्र ह्या स्थित्यंतरात शब्द मागे पडला. 'लोगो' म्हणजे चित्रे काढण्याचे साधन, असा समज रूढ झाला. वस्तुतः कासवाला चौरस शिकविणे म्हणजेही भाषेत नव्या क्रियापदाची भर घालणे होय. नवी आज्ञा ज्या 'टू' ह्या पदाने आरंभ होते, ते इंग्रजी क्रियापदाच्या मूळ रूपाचेच चिन्ह आहे. आज्ञेतील 'फॉरवर्ड ५०' हा क्रमही इंग्रजी आज्ञार्थाशी जुळतो. मराठी मूल '५० पावले पुढे जा' असे म्हणेल आणि क्रिया शेवटी ठेवील.

१९८० नंतर लघुसंगणकांबरोबर 'लोगो' असंख्य शाळांत पोहोचली, आणि येथेच तिची खरी परीक्षा झाली. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट महाविद्यालयातील रॉय पी व मिडियन कर्लंड ह्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 'लोगो' शिकलेली मुले वर्गातील कामांची आखणी इतर मुलांहून अधिक चांगली करतात, असे आढळले नाही. संगणकाला एकटे काढून त्याचा परिणाम मोजू नये, भोवतीची शैक्षणिक संस्कृती पाहावी, असे उत्तर पॅपर्ट ह्यांनी १९८७ साली दिले. हा वाद सिद्धान्ताच्या पातळीवर मिटणारा नव्हता. परंतु १९८८ साली डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर ह्यांनी दोष शोधण्याची पद्धत मुलांना स्पष्टपणे शिकविली, तेव्हा संगणकाशी संबंध नसलेल्या सूचनांतील चुकाही ती मुले अधिक नेटकेपणे शोधू लागली. ह्यावरून दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य करावी लागते : नियम उघड्यावर आणणारा प्रसंग यंत्र देते, पण त्या प्रसंगाकडे बोट दाखवावयास शिक्षक लागतो.

२००७ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील मिचेल रेझ्निक ह्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या 'स्क्रॅच' ह्या भाषेत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे असतात. न जुळणारे ठोकळे जोडलेच जात नाहीत. त्यामुळे वाक्यरचनेची चूक जवळजवळ अशक्य झाली आणि वाट पुष्कळ सुकर झाली. अर्थाची चूक मात्र जशीच्या तशी राहिली. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यात आज्ञालेखनाचा समावेश सुचविला आहे. त्याची अंमलबजावणी करताना यंत्रे किती पुरविली, एवढेच मोजले गेले, तर १९८० नंतरचा अनुभव पुन्हा यावयाचा. 'रेनटे' हे उत्तर पडद्यावर उमटते त्या क्षणी मुलाशेजारी कोण उभे आहे आणि ते काय विचारते, ह्यावर ह्या शिक्षणाचे फलित अवलंबून आहे.