बंधारा, गाळ आणि बदके

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा ही राज्यभराची बातमी होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा वर्तमानपत्रांत झळकतो आणि मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूर मधमेश्वरच्या उथळ पाण्यात तोवर हजारो बदके उतरलेली असतात. कडाक्याच्या थंडीची वाट ती पाहत नाहीत. भुवई बदके तर पाऊस सरता सरताच हजर होतात. त्यांच्यामागून थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रवाक. मध्य आशियातली तळी गोठली की तिथला चारा बर्फाखाली जातो, आणि त्याआधीच थव्यांनी हिमालय ओलांडलेला असतो.

हे पाणी मात्र निसर्गाने मांडून ठेवलेले नव्हते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा टापू मुळात कोरडा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर इंग्रज सरकारने १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला आणि मुंबई इलाख्यात बंधारे-धरणांच्या कामांना वेग आला. दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास खाली नांदूर मधमेश्वरला दगडी बंधारा उभा राहिला. त्याचे काम पाणी साठवण्याचे नव्हते. वरून सोडलेले पाणी अडवून गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळवायचे, एवढेच. कोपरगाव, राहात्याकडची शेती या कालव्यांवर उभी राहिली, पुढे तिथे ऊस आला. बांधणाऱ्यांच्या हिशेबात पक्षी कुठेच नव्हते.

पक्ष्यांना आणले ते गाळाने. दर पावसाळ्यात दोन्ही नद्या गढूळ होऊन येतात, भिंतीला अडून संथ होतात आणि माती तळाशी सोडतात. वर्षानुवर्षे हे चालले. पाण्यात बेटे वर आली, काठाला पाणवनस्पती माजल्या, खोली कमी होत गेली. इंजिनिअरच्या वहीत हा बंधाऱ्याचा तोटाच. पण तलवार बदकाला बुडी मारून तळाशी जायचे नसते. शेपटी वर करून मान खाली घातली की चिखलातले बी आणि कोंब चोचीला लागावेत, एवढेच पाणी त्याला हवे. थापट्या आपल्या रुंद चोचीने पृष्ठभाग गाळत फिरतो, तर तुतारी, पाणलावा यांना ओला चिखल पुरतो. खोल धरणाच्या मधोमध यांतल्या कुणाचेच पोट भरत नाही. शिवाय कालव्याचे आवर्तन सुटले की पाण्याची पातळी हलते, नवा काठ उघडा पडतो आणि पक्षी त्या काठाने सरकत राहतात. काठावरच्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून पाहिले तर जवळ जांभळ्या पाणकोंबड्या आणि वारकरी, पलीकडे बदकांची रांग आणि पाणवनस्पतींवरून घिरट्या घालणारा दलदल ससाणा असे सगळे एका नजरेत येते.

पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे इथे अभिमानाने सांगतात. ही तुलना एका वेगळ्या अर्थानेही चपखल आहे, कारण राजस्थानातले भरतपूरचे हे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध पाणथळही माणसाने घातलेल्या बांधातूनच घडले. १९८६ मध्ये नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य जाहीर झाले. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीतले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ म्हणून त्याची घोषणा झाली. लोणारचे सरोवरही त्याच्या मागून आले. त्याच वर्षापासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिली तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची, शेवटची सालिम अलींच्या.

मात्र ज्या गाळाने हे वैभव दिले, त्याच गाळाने काठावरच्या गावांना त्रासही दिला आहे. पात्र भरत गेल्यामुळे पुराचे पाणी मागे फुगते. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सायखेडा, चांदोरीच्या बाजारपेठा पाण्यात गेल्या. गाळ काढा, दरवाजे वाढवा, ही इथली जुनी मागणी आहे आणि ज्याच्या दुकानात, घरात गोदामाई शिरली, त्याची मागणी रास्तच आहे. पण सरसकट तळ खरवडला तर शंभर वर्षांत साचलेली ही उथळ कुरणे नाहीशी होतील. कुठला गाळ उचलायचा, कुठला ठेवायचा आणि कोणत्या महिन्यात यंत्रे उतरवायची, हे जलसंपदा आणि वन या दोन्ही खात्यांनी गावकऱ्यांसोबत बसून ठरवायला हवे.

आता या पाण्यावर आणखी एक दावेदार आहे. पाऊस कमी झाला की समन्यायी पाणीवाटपाच्या कायद्यानुसार नाशिकच्या धरणांतून खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावे लागते. हा निर्णय बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतो आणि ते पाणी याच बंधाऱ्यावरून मराठवाड्याकडे जाते. नाशिक आणि मराठवाड्यात तेव्हा वाद पेटलेला असतो. बंधाऱ्यावर विसर्गाची मोजदाद चालू असते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत उत्तरेकडचे थवे इथे उतरत असतात.