मराठी संकेतस्थळे व वेब सर्व्हर

महाजालावरील पृष्ठे साठवून ठेवणाऱ्या आणि वाचकाच्या मागणीनुसार ती त्याच्या संगणकाकडे पाठविणाऱ्या आज्ञावलीस वेब सर्व्हर म्हणतात. ती ज्या यंत्रावर चालते त्यासही व्यवहारात हेच नाव आहे. पहिला सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस चालविला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांतून सर्वसामान्यांसाठी महाजालसेवा सुरू केली. त्याच वर्षी ‘अपाचे’ हा सर्व्हर प्रथम उपलब्ध झाला. इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट मकूल यांनी तयार केलेल्या सर्व्हरला निरनिराळ्या ठिकाणच्या वापरकर्त्यांनी जोडलेल्या दुरुस्त्या एकत्र करून तो सिद्ध झाला होता. त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कोणासही विनामूल्य घेता येई. पुढे दीर्घकाळ जगातील सर्वाधिक संकेतस्थळे याच सर्व्हरवर चालली.

मूळ आज्ञावलीपासून सर्व्हर उभा करण्याची रीत फारशी बदललेली नाही. आज्ञावलीचा संपीडित गठ्ठा उतरवून घेतात, त्याची सत्यता पडताळून तो उलगडतात. ‘कॉन्फिगर’ या आदेशाने यंत्रातील साधनांची तपासणी होते व हवे ते घटक निवडले जातात, ‘मेक’ने सी भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होते, ‘मेक इन्स्टॉल’ने तयार फायली ठरल्या जागी बसतात. मग एका साध्या मजकूर-फाईलीत स्थळाचे नाव, पृष्ठांची जागा व सेवाद्वाराचा क्रमांक (सामान्यतः ८०) लिहून सर्व्हर सुरू करतात. मराठी संकेतस्थळांच्या इतिहासात यातील सर्वांत कठीण भाग रूपांतराचा नव्हे, तर या शेवटच्या फाईलीचा ठरला.

मराठीची अडचण अक्षरांची होती. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झाले तेव्हा देवनागरी अक्षरांसाठी सर्वत्र चालणारी संकेतव्यवस्था प्रत्यक्ष वापरात नव्हती. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हे मानक प्रसिद्ध केले होते, पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) भारतीय लिप्यांवर मोठे काम झाले होते आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान होते. तथापि घरोघरच्या संगणकांना त्याचा उपयोग नव्हता. म्हणून रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले फॉन्ट रूढ झाले. वाचकाकडे नेमका तोच फॉन्ट नसेल तर पृष्ठावर निरर्थक रोमन चिन्हे दिसत. शोधयंत्रांनाही असा मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नसे. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र सर्व सुरळीत होते, कारण पृष्ठ खरोखरच रोमन संकेतांत लिहिलेले असे.

युनिकोडचा वापर वाढल्यावर ही स्थिती उलटली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पाठोपाठ इतर संकेतस्थळेही युनिकोडकडे वळली. मजकूर पाठविण्यासाठी यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात. परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व रेल्वे जंक्शन असलेल्या पूर्णा या गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. प, ऊकाराची मात्रा, र, हलन्त-चिन्ह, ण आणि काना असे या नावाचे ६ संकेत होतात. प्रत्येकास ३ अष्टके (बाइट) लागत असल्याने सर्व्हर १८ अष्टके पाठवितो. ती कोणत्या लिपीची म्हणून वाचावीत हे पृष्ठासोबत जाणाऱ्या शीर्षनोंदीत सांगावे लागते. अपाचेच्या २.० या मालिकेच्या आरंभीच्या आवृत्त्यांसोबत येणाऱ्या नमुना-फाईलीत तेथे पश्चिम युरोपीय लिपीचे मानक लिहिलेले होते. फॉन्टच्या काळात निरुपद्रवी असलेली ही ओळ आता घातक ठरली, कारण पृष्ठाच्या आत ‘यूटीएफ-८’ असे लिहिलेले असले तरी नियमाप्रमाणे सर्व्हरचे म्हणणे वरचढ ठरते. १८ अष्टके १८ स्वतंत्र चिन्हे म्हणून वाचली जात आणि ‘पूर्णा’च्या जागी, डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ सहा वेळा उमटे.

स्वतः सर्व्हर उभारणाऱ्यास ही ओळ क्षणात बदलता येई. परंतु असे करणारे थोडे होते. अखंड वीज, स्थिर जोडणी व कायमचा महाजाल-पत्ता या गोष्टी विद्यापीठे व संशोधनसंस्थांच्या आवाक्यातील होत्या. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी सर्व्हर अहोरात्र चालविणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे बहुतेक मराठी स्थळे भाड्याच्या, पुष्कळदा परदेशातील सर्व्हरवर राहिली. तेथील मुख्य फाईल भाडेकरूच्या हाती नसे. मालकाने मुभा ठेवली असल्यास आपल्या दालनापुरती ‘एचटीॲक्सेस’ नावाची छोटी फाईल ठेवून तो लिपीची नोंद दुरुस्त करी. नमुन्यातील ती ओळ पुढील आवृत्त्यांत काढून टाकण्यात आली.

स्थळाच्या नावाची कथा निराळी आहे. १९८९ मध्ये भारतास मिळालेल्या ‘डॉट इन’ या नामक्षेत्राची व्यवस्था मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले आणि २००५ पासून नोंदणी सर्वांस खुली झाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे नामक्षेत्र सुरू झाल्यावर मराठीत पूर्ण नाव घेता येऊ लागले. वाचक ते देवनागरीत टंकलिखित करतो. सर्व्हरकडे मात्र ते रोमन अक्षरे व अंकांत रूपांतरित होऊन पोहोचते आणि सर्व्हरच्या फाईलीतही त्याच रूपात लिहावे लागते.