रेशमाचा वैरी, शेताचा राखणदार

वाशीम म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला वाकाटकांची वत्सगुल्म नगरी आठवते. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला आणि या गावाचे प्राचीन वैभव पुन्हा जगापुढे आले. ताम्रपटांत जमिनीच्या धन्यांची नावे असतात, दान घेणाऱ्यांची असतात; पण जमिनीच्या पोटात कोण नांदते याची नोंद कोणताही राजा करून ठेवीत नाही. अकोल्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यातील शेतकऱ्याला मात्र त्या भूमिगत राज्याची ओळख चांगलीच आहे. त्याचे नाव हुमणी.

वळवाचा पहिला दमदार पाऊस पडला की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर गर्दी करतात. रात्रभर पाला खावा, जोड्या जमवाव्यात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरावे, असा त्यांचा परिपाठ. मादी मातीतच अंडी घालते. त्यांतून निघालेली पांढरी, बाकदार अळी भुईमूग, सोयाबीन, हळद अशा पिकांची मुळे कुरतडते. वर हिरवे दिसणारे झाड एके दिवशी माना टाकते, आणि उपटून पाहावे तर हातात नुसते खोड येते! शत्रू डोळ्यांना दिसतो तेव्हा पीक गेलेले असते.

या अदृश्य शत्रूला तितकाच अदृश्य प्रतिस्पर्धी आहे, आणि तो म्हणजे एक बुरशी. तिची कथा मात्र आपल्याकडे नव्हे, इटलीत सुरू होते. आणि मौज अशी की तिथे ती मित्र म्हणून नव्हे, चोर म्हणून पकडली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर इटलीतील रेशीम उत्पादक एका रोगाने हैराण झाले होते. किडे मरत, ताठ होत आणि त्यांच्या अंगावर चुन्यासारखी पांढरी भुकटी चढे. लोदीजवळचा आगोस्तीनो बास्सी हा कायदा शिकलेला, पण दृष्टी अधू झाल्याने नोकरी सोडून शेतीकडे वळलेला गृहस्थ. १८०७ च्या सुमारास तो या रोगाच्या मागे लागला आणि १८३५ साली त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला : ही भुकटी म्हणजे जिवंत बुरशी असून तीच रोग एका किड्यापासून दुसऱ्याकडे नेते. सूक्ष्म जीवांमुळे प्राण्यांना सांसर्गिक रोग होतो, हे पाश्चरच्या कितीतरी आधी या मंददृष्टी माणसाने दाखवून दिले. पुढे त्या बुरशीलाच ‘बिव्हेरिया बॅसियाना’ असे नाव मिळून चोराच्या नावात पकडणाऱ्याचे नाव अमर झाले.

किडा मारणारी बुरशी घातक खरी. पण तो किडाच आपला वैरी असेल तर? या प्रश्नाला कृतीची जोड दिली ती रशियातील एल्या मेचनिकोव्हने. ओदेसाच्या परिसरात गव्हावर भुंगेऱ्यांनी धाड घातली होती. त्यांच्या अळ्यांवर त्याला हिरवी बुरशी आढळली, तीच आजची ‘मेटारायझियम’. १८७९ साली त्याने या रोगावर लिहिले आणि दारूभट्टीच्या धान्याच्या लगद्यावर ती वाढवून शेतात पसरावी, असे सुचविले. त्याचा सहकारी क्रासिल्श्चिक याने १८८४ साली स्मेला येथे लहानसा कारखानाच काढला आणि चार महिन्यांत ५५ किलो बीजाणू तयार करून ते बीटवरील सोंड्या भुंग्यांवर वापरले. मेचनिकोव्हचे लक्ष पुढे शरीरातील रक्षक पेशींकडे वळले आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

मग ही विद्या मागे का पडली? रसायनांची झटपट किमया लोकांना भुरळ घालून गेली, हेच त्याचे उत्तर. १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण कळला, आणि भारतातही बी.एच.सी.ची भुकटी हुमणीसाठी पोत्यांनी मातीत मिसळली जाऊ लागली. ती मातीतून लवकर जाईना, अन्नात आणि दुधात उतरू लागली. अखेर १९९७ साली तिच्यावर बंदी आली आणि विस्मरणात गेलेल्या बुरशीची पुन्हा आठवण झाली.

या बुरशीची रीत मोठी विलक्षण आहे. ती किड्याने खावी लागत नाही. बीजाणू अंगाला चिकटला की रुजतो, कवच भेदून आत शिरतो आणि रक्तात पसरतो. काही दिवसांत किडा मरतो, त्याच्या प्रेतावर नवे बीजाणू पिकतात आणि मातीत मिसळून पुढच्या बळीची वाट पाहतात. म्हणूनच जमिनीशी संबंध असलेल्या भुंग्यांवर ती विशेष चालते. कोकणात माडाच्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यांत वाढतात. तेथेच ती मिसळतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील बायरनच्या सरकारी संशोधन केंद्रात अक्रोडाच्या कुळातील पेकनच्या बागांसाठी असेच प्रयोग झाले. तेथील सोंड्या भुंगाही मातीतूनच वर येऊन झाडाकडे जातो.

विदर्भात अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, ज्याची स्थापना १९६९ ची, हुमणीसाठी मेटारायझियमची शिफारस करते. परंतु हा राखणदार नाजूक आहे. वैशाखाचे ऊन त्याला सोसत नाही. त्याला ओल हवी, सावली हवी, कुजलेल्या शेणखताची सोबत हवी. बियाण्याला बुरशीनाशक चोळायचे आणि त्याच मातीत बुरशी सोडायची, तर आपणच आपला पाहुणा मारल्यासारखे होते. शिवाय बास्सीचा धडा विसरता येत नाही. तुतीच्या बागेजवळ, रेशीम किड्यांच्या शेडनजीक ही बुरशी फवारली तर रेशमाचा जुना वैरी जागा होईल. एकाच गावात एकाचे सोयाबीन आणि दुसऱ्याचे रेशीम असेल, तेव्हा शेजाऱ्याला विचारून पाऊल टाकणे हाच शहाणपणा.

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात आलेले असते. त्या वेळी शेत खोल नांगरले तर अळ्या आणि कोष वर येतात, आणि बगळे, साळुंक्या, कावळे त्यांचा फराळ उरकतात. उरलेल्यांचे भुंगेरे होतात आणि मातीतच निपचित पडून पुढल्या पावसाची वाट पाहतात. ते कोणाच्या सातबाऱ्यावर जन्मले हे भुंगेऱ्यांना ठाऊक नसते. एकाने माती राखली आणि शेजाऱ्याने राखली नाही, तर कडुनिंबावर दोघांचेही भुंगेरे एकत्रच जमतात. तेव्हा झाडे हलवून भुंगेरे वेचण्याचे आणि शेणखतात बुरशी मिसळण्याचे काम गावाने मिळून ठरवायचे असते, आणि ते ठरवायला मृगापूर्वीचे सहा-सात महिने हातात असतात.