सिंहाचा अज्ञातवास

एखाद्या समाजाला आपल्या सणाच्या दिवशी रस्त्यावर येता येते की नाही, यावरून त्या देशातील त्याचे स्थान पुष्कळदा ओळखता येते. या दृष्टीने इंडोनेशियातील चिनी समाजाच्या सिंहनृत्याचा इतिहास आम्हांस अभ्यसनीय वाटतो.

सिंह हा मूळचा चीनमधील प्राणी नव्हे. हान राजवटीत पश्चिमेकडील राज्यांनी धाडलेल्या नजराण्यांतून तो चिनी दरबारात पोहोचला. नवव्या शतकात बाइ जुयी या कवीने सिंहाच्या सोंगाचे वर्णन केले आहे. त्यातील नर्तकही परदेशीयांचे मुखवटे घालून येतात. असा हा परका पाहुणा कालांतराने चिनी नववर्षाचा मंगलदूत झाला. पुढे स्थलांतरितांसोबत तो समुद्रापार जावा बेटावर उतरला आणि तेथे त्याला 'बारोंगसाइ' हे नाव मिळाले. 'बारोंग' हे जावा-बालीच्या लोकनाट्यातील मुखवटाधारी प्राण्याचे नाव, तर 'साइ' म्हणजे हॉक्किएन बोलीतील सिंह. नावातच दोन समाजांचा शेजार नांदतो आहे.

या नृत्याचा कुंग फूशी जुना संबंध आहे. एकाच कातड्यात दोन गडी असतात. पुढचा सिंहाचे डोके पेलतो, मागचा कमरेत वाकून धड सांभाळतो आणि प्रसंगी पुढच्याला उचलून धरतो. ढोल, झांजा आणि थाळा यांच्या ठेक्यावर दोघांची पावले एक पडावी लागतात. घोड्यावर मांड ठोकल्याप्रमाणे गुडघे वाकवून स्थिर राहण्याची कुंग फूतील बैठक ज्याला साधली नाही, त्याला हे जमणे कठीण. म्हणूनच अनेक ठिकाणी आखाड्यातील शिष्यच सिंह नाचवीत आणि नृत्यानंतर मुष्टी, काठी व तलवार यांचे हात करून दाखवीत. घरोघरचे लोक सिंहाच्या मुखात लाल पाकिटातून दक्षिणा घालीत.

१९६५ च्या रक्तरंजित उलथापालथीनंतर सुहार्तो यांच्या हाती सत्ता आली. चीनवरील संशयाचे ओझे देशातील चिनी वंशाच्या नागरिकांवर पडले. त्यांच्या शाळा बंद झाल्या. नावे बदलून घेण्याचा आग्रह झाला. ६ डिसेंबर १९६७ रोजी निघालेल्या चौदाव्या अध्यक्षीय आदेशाने चिनी धर्मविधी व सण लोकांच्या नजरेत येणार नाहीत अशा रीतीने, कुटुंबापुरतेच साजरे करावेत असे फर्मावले. सिंह रस्त्यावरून नाहीसा झाला.

मात्र कागदावरील हुकूम शरीरात मुरलेल्या विद्येपर्यंत सहसा पोहोचत नाही. बोगोर येथे १९५२ साली स्थापन झालेल्या 'बांगाऊ पुतिह', म्हणजे 'पांढरा बगळा', या संस्थेत चिनी युद्धकला आणि स्थानिक पेन्चाक सिलात यांचा मिलाफ झाला होता. तेथे चिनी व अन्य वंशांचे शिष्य एकत्र घाम गाळीत राहिले.

मे १९९८ च्या दंगलींत चिनी वस्त्या व दुकाने जळाली. त्याच महिन्यात सुहार्तो पायउतार झाले. १७ जानेवारी २००० रोजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी १९६७ चा आदेश रद्द केला. वाहिद हे मुस्लिम धर्मपंडितांच्या 'नहदलातुल उलामा' या विशाल संघटनेचे दीर्घकाळ नेते होते, हे येथे ध्यानात घ्यावे. बत्तीस वर्षांचा अज्ञातवास संपला. २००३ पासून चिनी नववर्षाला राष्ट्रीय सुटी मिळाली. २०१३ साली राष्ट्रीय क्रीडा समितीने बारोंगसाइला क्रीडाप्रकार म्हणून सामावून घेतले. आज कित्येक पथकांत जावी मुस्लिम तरुणही सिंहाचे डोके पेलताना दिसतात.

आपण भारतीयांनीही या इतिहासाकडे तटस्थपणे पाहू नये. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडले. त्यांपैकी अनेकांनी पुढे देश सोडला. जे राहिले, त्यांच्या कोलकात्यातील टांगरा वस्तीत नववर्षाला अजूनही ढोल वाजतो आणि सिंह दारोदार जातो.

कातड्याआडच्या त्या दोन गड्यांपैकी मागच्याला पुढचे काही दिसत नाही. पुढच्याच्या कमरेला धरून, त्याच्यावर विसंबून तो पाऊल टाकतो. भिन्न वंशांच्या व धर्मांच्या शेजाऱ्यांनी एका देशात राहावे कसे, याचा याहून सुबोध धडा आम्हांस ठाऊक नाही.