सामायिक यंत्र आणि परवलीचा शब्द

परवलीचा शब्द मूळचा पहारेकऱ्यांचा. अंधारात चेहरा ओळखू येत नसे, म्हणून आपपरभाव ठरविण्याचे काम शब्दावर सोपविले जाई. संगणकाच्या क्षेत्रात मात्र तो प्रथम आला, तो एकाच छपराखालील शेजाऱ्यांना परस्परांपासून वेगळे राखण्यासाठी, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये, अनेकांना एकाच वेळी एक संगणक वापरू देणारी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखविली. प्रत्येकाचे लेखन स्वतंत्र राहावे म्हणून परवलीचे शब्द आले. परंतु ते सारे एकाच फाइलीत उघड स्वरूपात असत. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने ती फाइल छापून घेतली. यंत्राचा अधिक वेळ मिळावा एवढाच त्याचा हेतू होता. १९६६ मध्ये तर दोन फाइलींची अदलाबदल होऊन, दैनिक सूचनेच्या जागी ती यादीच प्रवेश करणाऱ्यांपुढे टंकित होऊ लागली.

पुढे शब्दाऐवजी त्याचे उलट न फिरविता येणारे रूपांतर साठविण्याची रीत पडली. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात युनिक्समधील या रीतीचे विवेचन केले.

१९९० नंतरच्या दशकात वेबपृष्ठांना हेच कुलूप लाभले. ‘बेसिक’ पद्धतीत शब्द ‘बेस-६४’ या रूपात पाठविला जातो. हे केवळ लिप्यंतर होय, गुप्तलेखन नव्हे. वाटेत पाहणाऱ्यास ते सहज उलगडते. म्हणून एचटीटीपीएसचे आवरण आवश्यक ठरते. सामायिक सर्व्हरवर आणखी एक अडचण उद्भवते. जेथे सर्व ग्राहकांसाठी सर्व्हर एकाच नावाने चालतो, तेथे संरक्षित पृष्ठ व शब्दांची फाइल ही दोन्ही त्याला वाचता यावीच लागतात. मग त्याच नावाने चालणारी शेजाऱ्याची आज्ञावलीही ती वाचू शकते. कुलूप वेबच्या दारावर असते. डिस्कवरील वाट उघडीच राहते. शब्दांची फाइल पृष्ठांच्या कक्षेबाहेर ठेवणे आणि प्रत्येकाची आज्ञावली त्याच्या स्वतःच्या नावाने चालविणे, हे त्यावरील उपाय होत.

तात्पर्य, १९६२ मधील प्रश्न मिटलेला नाही. परवलीचा शब्द कितीही अवघड निवडला, तरी त्याची यादी कोणाच्या हाती आहे, यावरच त्याचे मोल ठरते.