होलाशोवित्से
चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहीमियातील ऐतिहासिक खेडे. ते चेस्के बुद्येयोवित्सेच्या पश्चिमेस आहे. पहिला लिखित उल्लेख 1263 मधला. 1292 पासून 1848 पर्यंत गाव विश्शी ब्रोदच्या सिस्टर्शियन मठाकडे होते. 1520–25 च्या प्लेगमधून फक्त दोन रहिवासी वाचले. पुढे बव्हेरिया व ऑस्ट्रियातील वसाहतकऱ्यांनी ते पुन्हा वसवले. तळे असलेल्या आयताकृती चौकाभोवती 18 व्या–19 व्या शतकांतील शेतकऱ्यांची घरे असून त्यांच्या वळणदार, गिलाव्याच्या नक्षीने सजलेल्या त्रिकोणी दर्शनी भिंती ‘ग्रामीण बरोक’ शैलीचा उत्कृष्ट नमुना ठरतात. 1945 नंतर येथील जर्मनभाषक रहिवाशांच्या हकालपट्टीने गाव ओस पडले. 1990 पासून घरांचा जीर्णोद्धार झाला. 1998 मध्ये यूनेस्कोने गावाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.